दीपधारिणीचे आलेख

रात्रीची वेळ आहे. लांबच लांब दालनात जखमी सैनिकांच्या खाटा ओळीने मांडलेल्या आहेत आणि हातात दिवा घेतलेली एक सडपातळ स्त्री त्या खाटांमधून हळूहळू पुढे चालली आहे. हे चित्र तुम्ही कोठे ना कोठे पाहिले असेल. ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे चित्र होय. जगाने तिला दीपधारिणी हे नाव दिले आणि त्याच नावाने ती घरोघरी पोचली. परंतु तो दिवा तिच्या हाती जेमतेम दोन वर्षे होता. त्यानंतर ती ५४ वर्षे जगली, आणि त्या काळात तिच्या हाती बहुधा लेखणी असे व समोर आकड्यांचे तक्ते असत. त्या तक्त्यांवरून तिने एक निराळेच चित्र तयार केले. दिव्याच्या चित्राइतके ते सर्वांच्या ओळखीचे नाही. पण माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामी त्याचा उपयोग दिव्याहून अधिक झाला असेल, असे मला वाटते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. तिचे आईवडील श्रीमंत इंग्रज होते व त्या वेळी ते युरोपच्या प्रवासात होते. ज्या गावी मूल जन्मले त्याच गावाचे नाव त्यांनी त्याला दिले. तिच्या वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची विलक्षण ओढ होती. शिवणटिपण, मेजवान्या आणि गाण्याच्या बैठका यांत तिचे मन रमत नसे. आपण रुग्णांची सेवा करावी, असे तिने मनाशी ठरविले. त्या काळी इंग्लंडात परिचारिकेचे काम हलके मानले जाई. प्रतिष्ठित घरातील मुलीने इस्पितळात पाऊल टाकणे हे घरच्यांना अपमानास्पद वाटे. इस्पितळात जाऊन काम शिकण्याची तिने १८४५ साली मागितलेली परवानगी साफ नाकारली गेली. पुढे सहा वर्षांनी, १८५१ मध्ये, तिने जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथील संस्थेत राहून शुश्रूषेचे शिक्षण घेतले, आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहानशा शुश्रूषागृहाची व्यवस्था तिच्याकडे आली.

त्याच सुमारास रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. १८५४ च्या मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने युद्धात उतरले. काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियाच्या भूमीवर लढाया होत आणि तेथील जखमी व आजारी इंग्रज सैनिक जहाजांत घालून कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी या गावी आणले जात. तेथील एक प्रचंड तुर्की बराक इस्पितळ म्हणून वापरात होती. इस्पितळातील हालांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांतून झळकू लागल्या तेव्हा देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सला ओळखत होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोचली.

तेथे तिने काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. खाटा पुरत नव्हत्या, म्हणून रुग्ण दालनांतून आणि वाटांवरून जमिनीवर पडलेले होते. धुतलेले कपडे नव्हते, पट्ट्या नव्हत्या, धड अन्नही नव्हते. इमारतीखालून जाणारी जुनी गटारे तुंबली होती व त्यांची दुर्गंधी दालनांत पसरे. फ्लॉरेन्सने स्वयंपाकघर उभे केले, धुण्याची व्यवस्था केली, सामान मिळविले. दिवसा हे सारे आणि रात्री दिवा घेऊन फेरी. सैनिक तिला देवता मानू लागले. तरीही माणसे मरतच राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत तर तेथे उपचार घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४२ रुग्ण दगावत होते.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य मंडळ स्कुटारीला आले. त्याने गटारे धुऊन मोकळी केली, मेलेली जनावरे हलविली, भिंतींना चुना लावला, कोंदट दालनांत वारा खेळेल अशी सोय केली. त्यानंतर काही महिन्यांत मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. युद्ध संपल्यावर, १८५६ च्या ऑगस्टमध्ये, फ्लॉरेन्स कोणताही गाजावाजा न करता घरी परतली.

येथे बहुतेक चरित्रे दमतात. पण तिचे खरे काम येथूनच सुरू होते. सप्टेंबरमध्ये बॅलमोरलच्या वाड्यात तिने व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली व सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी अशी विनंती केली. १८५७ साली तसा आयोग नेमला गेला. आयोगापुढे केवळ करुण कहाण्या मांडून भागणार नव्हते. रणांगणावर सैनिक मरायचेच, असे अधिकारी सहज म्हणाले असते. किती मेले, कधी मेले, कशाने मेले, हे दाखविणे अवश्य होते. युद्धकाळातील नोंदी तर अशा गबाळ्या की एका वहीचा दुसरीशी मेळ बसेना. या कामी तिला विल्यम फार यांचे साहाय्य लाभले. इंग्लंडातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून राष्ट्राच्या आरोग्याचा हिशेब मांडणारे ते त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते.

दोघांनी आकडे जुळविले, तेव्हा जे दिसले ते फ्लॉरेन्सला सुखाचे नव्हते. युद्ध चालू असताना तिची समजूत अशी होती, की सैनिक उपाशी आणि थकलेले असे उशिरा आणले जातात, म्हणून ते मरतात. आकडे निराळेच सांगत होते. रणभूमीजवळच्या लहान इस्पितळांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळात, म्हणजे तिच्या स्वतःच्या देखरेखीखालच्या दालनांत, मृत्यूचे प्रमाण अधिक होते. ज्या छताखाली तिने रात्रीचा दिवस केला, तेथील तुंबलेली गटारेच माणसे मारीत होती. दुसऱ्या कोणी असा कागद खणात ठेवून दिला असता. तिने तो दडविला नाही, उलट तो लोकांच्या नजरेस यावा म्हणून धडपड केली. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ती अतिशय आजारी पडली आणि त्यापुढे वर्षानुवर्षे तिने बहुतेक काम अंथरुणाला खिळूनच केले.

आता तिच्या त्या चित्राकडे वळू. आकड्यांचे लांबलचक तक्ते मंत्री वाचणार नाहीत, हे ती ओळखून होती. म्हणून १८५८ मध्ये तिने रंगीत आकृत्या छापून घेतल्या. तिच्या प्रसिद्ध आकृतीत फुलासारखी दोन वर्तुळे आहेत. प्रत्येकात बारा पाकळ्या आहेत आणि प्रत्येक पाकळी म्हणजे एक महिना. उजवीकडचे मोठे फूल एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या वर्षाचे, आणि डावीकडचे लहान फूल त्यापुढील वर्षाचे. आपल्याला डावीकडून वाचण्याची सवय असते. येथे सुरुवात उजवीकडून करावी लागते. पाकळ्यांतील निळा भाग टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी झालेले मृत्यू दाखवितो, तांबडा भाग जखमांनी झालेले, आणि काळा भाग इतर सर्व कारणांचे.

चित्रावर नुसती नजर टाकली तरी निळा रंग सर्वत्र पसरलेला दिसतो. जानेवारी १८५५ ची पाकळी सर्वांत मोठी आहे. त्या महिन्यात ३२,३९३ सैनिकांच्या फौजेत जखमांनी मेले ८३, इतर कारणांनी ३२४, आणि साथीच्या रोगांनी २,७६१. शत्रूच्या तोफांनी एक सैनिक मारला, तर हगवण, पटकी व ताप यांनी तेहतीस मारले. एका वर्षानंतर, जानेवारी १८५६ मध्ये, फौज वाढून ४४,२१२ झाली होती. पण रोगांनी मेले केवळ ४२.

तिच्या तक्त्यात जानेवारी १८५५ पुढे दर हजारी १०२२.८ असा आकडा आहे. हजार माणसांतून हजाराहून अधिक कशी मरतील? असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही तक्ता नीट वाचला असे समजा. तो आकडा एका महिन्याचा नाही. महिन्यातील मृत्यूंना बाराने गुणून तो वर्षाच्या मापात मांडलेला आहे. तोच कहर वर्षभर चालला असता आणि मेलेल्यांच्या जागी नवे सैनिक येत राहिले असते, तर मूळच्या फौजेइतकी माणसे वर्षाच्या आत नाहीशी झाली असती, असा त्याचा अर्थ. आकड्याखाली लिहिलेले माप वाचल्यावाचून आकडा वाचला असे होत नाही.

या चित्रामागे एक चूकही दडलेली आहे. आधीच्या एका आकृतीत तिने मध्यबिंदूपासूनचे अंतर मृत्यूंच्या प्रमाणात धरले होते. मृत्यू दुप्पट असतील तर रेघ दुप्पट लांब. वरवर पाहता यात काय चुकले? पण एखाद्या भाकरीच्या दुप्पट रुंदीची भाकरी थापायला घेतली, तर दुप्पट पिठाने भागत नाही. जाडी तीच ठेवली तरी चौपट पीठ लागते. डोळा पाकळीची लांबी पाहत नाही, तिचा पसारा पाहतो. त्यामुळे दुप्पट मृत्यू चौपट भासत होते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर तिने ती कबूल करणारी चिठ्ठी त्या आकृतीला जोडली आणि नव्या आकृतीत पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवले. चूक तिच्या म्हणण्याला बळकटी देणारीच होती, तरी तिने ती काढून टाकली. मला तिच्या चरित्रातील हा प्रसंग दिव्याच्या फेऱ्यांहून कमी मोलाचा वाटत नाही.

नवी आकृती तरी निर्दोष होती काय? तशी नव्हती. पाकळ्यांची क्षेत्रफळे डोळ्यांनी तोलणे कठीण असते. साध्या उभ्या रेघा एकीशेजारी एक काढल्या असत्या, तर महिन्यामहिन्यांतील फरक अधिक स्पष्ट झाला असता. शिवाय दोन फुलांची वाटणी मार्चअखेर केलेली आहे. आरोग्य मंडळ ज्या महिन्यात कामाला लागले, नेमकी त्याच महिन्याअखेरची ती रेघ. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनावर असे ठसते, की गटारे साफ झाली आणि मृत्यू थांबले. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्याच काळात कडक हिवाळा सरला होता, अन्नवस्त्राचा पुरवठा सुधारला होता, आणि सप्टेंबर १८५५ मध्ये सेबास्टोपोलचा वेढाही संपला. जूनमध्ये रोगांचे मृत्यू पुन्हा वाढून ८०२ झाले, हे त्याच आकृतीतील त्या महिन्याच्या पाकळीवरून दिसते. मृत्यू केव्हा घटले ते आलेख सांगतो. ते का घटले, हे पाहणाऱ्याने इतर पुराव्याशी ताडून ठरवावयाचे असते.

नकाशाचीही गोष्ट अशीच आहे. स्कुटारीला जाण्यापूर्वी काही आठवडे, १८५४ च्या ऑगस्टअखेर, लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली होती आणि मिडलसेक्स इस्पितळात आणलेल्या रुग्णांची शुश्रूषा करण्यास फ्लॉरेन्स गेली होती. त्याच गल्ल्यांतून डॉ. जॉन स्नो घरोघर चौकशी करीत हिंडत होते. पुढे त्यांनी एक नकाशा प्रसिद्ध केला. ज्या घरी मृत्यू झाला तेथे एक काळी रेघ, दोन झाले तर दोन. ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती रेघांची दाटी झालेली त्यात दिसते. पण जेथे वस्ती दाट तेथे मृत्यूही अधिक, असे कोणी म्हणाला तर? म्हणून स्नो यांनी रेघा नसलेल्या जागांचाही शोध घेतला. जवळच्या गोरगरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे राहत होती, त्यांतील अवघी पाच दगावली. कारण आश्रमाची स्वतःची विहीर होती. पंपाच्या अगदी जवळ असलेल्या मद्याच्या कारखान्यातील सत्तरांवर कामगारांपैकी कोणीही पटकीने मेला नाही. ते पंपाचे पाणी पीतच नसत. नकाशावरील मोकळ्या जागांनीच काळ्या रेघांचा अर्थ पक्का केला. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ मात्र तोवर ओसरू लागलीच होती, हेही सांगितले पाहिजे.

रोग दूषित पाण्यातून पसरतो हे स्नो यांचे म्हणणे फार यांनी पुढे, १८६६ च्या साथीनंतर मान्य केले. फ्लॉरेन्सची समजूत मात्र कितीतरी वर्षे अशीच होती, की घाणेरड्या हवेने रोग होतात. कारण समजण्यात ती चुकली. उपाय मात्र तिने बरोबर सांगितला, कारण गटारे वाहती झाली म्हणजे हवेबरोबर पाणीही शुद्ध होते.

युद्धाशिवायही सैनिक मरत होते, हे तिने दुसऱ्या एका आकृतीत दाखविले. या वेळी तिने फुले काढली नाहीत, साध्या रेघांच्या जोड्या काढल्या. शांततेच्या काळात, इंग्लंडातल्याच बराकींत राहणारे २० ते २५ वर्षे वयाचे सैनिक दर हजारी १७ मरत, आणि त्याच वयाचे इतर इंग्रज पुरुष ८.४. सैनिक भरती करतानाच धडधाकट निवडलेले असत; तरीही त्यांचे मृत्यू दुप्पट. तुलना समान वयाच्या माणसांशी केल्यामुळे या आकृतीला उत्तर देणे अधिकाऱ्यांना जड गेले. दरवर्षी अकराशे तरुणांना मैदानात नेऊन गोळ्या घालण्याइतकाच हा अपराध आहे, अशा आशयाचे कठोर शब्द तिने लिहिले. बराकी सुधारू लागल्या, १८६० मध्ये सैन्यासाठी वैद्यकीय शाळा निघाली. १८५८ मध्येच लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होती.

१८६० साली तिने लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली, हे सर्वश्रुतच आहे. तिच्या हातून झालेली एक मोठी चूक मात्र क्वचितच सांगितली जाते. इस्पितळांविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत तिने फार यांचा एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ इस्पितळांचे मृत्युमान शेकडा ९०.८४ दाखविले होते. शंभर रुग्ण गेले तर नऊच घरी परतणार! डॉक्टर खवळले आणि त्यांचे खवळणे रास्त होते. त्या तक्त्यात संपूर्ण १८६१ सालातील ३,८२८ मृत्यूंना एका दिवशी इस्पितळांत असलेल्या ४,२१४ रुग्णांनी भागले होते. एखाद्या धर्मशाळेत एका रात्री वीस वाटसरू असतात. पण वर्षभरात तेथे हजारो उतरून जातात. वर्षभरात धर्मशाळेत आजारी पडलेल्यांची संख्या त्या एका रात्रीच्या विसांशी ताडून पाहिली, तर यात्रेला कोणी निघणारच नाही. मृत्यूंचा आकडा खरा होता, रुग्णांचा आकडाही खरा होता. खोटा होता तो त्यांचा भागाकार. आयुष्यभर दुसऱ्यांचे तक्ते तपासणाऱ्या फ्लॉरेन्सकडूनही हे घडले.

हिंदुस्थानात ती कधीही आली नाही. परंतु आपल्या देशाचे आकडे तिच्या टेबलावर वर्षानुवर्षे येत राहिले. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला. तेव्हा ठिकठिकाणच्या छावण्यांकडे प्रश्नपत्रिका पाठविण्याची व्यवस्था झाली व आलेली उत्तरे तिने बारकाईने वाचून काढली. येथील इंग्रज सैनिक दर हजारी ६९ मरतात, असे १८६३ च्या अहवालात दिसून आले. दहा वर्षांनी तो आकडा १८ वर आल्याचे तिने लिहिले. पण हे सारे आकडे सैनिकांचे होते. छावणीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या कोट्यवधी रयतेचे काय, हा प्रश्न तिला पुढे अधिकाधिक सतावू लागला. खेड्यांतील पाणी, स्वच्छता, दुष्काळ आणि कर्ज यांविषयी ती लिहू लागली. त्या निमित्ताने पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

राज्यकर्त्यांना आकडे मिळतात, पण ते वापरावे कसे हे त्यांना कोणी शिकविलेले नसते, अशी तिची तक्रार होती. म्हणून १८९१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात या विषयाचे अध्यापकपद निर्माण व्हावे असा प्रयत्न तिने केला. तो फळास आला नाही. हळूहळू तिची दृष्टी मंदावली आणि वाचन सुटले. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला, तो मिळविणारीही ती पहिलीच स्त्री होती. पण तोवर तिला भोवतालचे फारसे उमगत नसे.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीत, थोर पुरुषांच्या शेजारी तिला पुरण्याची तयारी दाखविण्यात आली होती. घरच्यांनी ती नम्रपणे नाकारली आणि ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांजवळ तिला मूठमाती देण्यात आली. तेथील दगडावर तिच्याविषयी एकच ओळ कोरलेली आहे. तिच्यात पूर्ण नाव नाही. नावाची दोन आद्याक्षरे, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख, एवढेच आहे.